टेली-मानस १४४१६ : लातूरच्या होस्टेलवरच्या पोरांना कितपत कामाचं?

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी फोनसेवा फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीतूनही. भाषा निवडली की आधी समुपदेशक बोलतो. गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडतात.

नीटच्या टेस्टला मार्क घसरले, झोप उडाली, मेसचा डबा तसाच परत जातोय, अशा वेळी पहिला फोन म्हणून उत्तम. घोळ होतो घरच्यांमुळे. वडील स्पीकर लावून शेजारी बसले की पोरगं ‘बरंय’च्या पुढं जात नाही. त्याला खोलीत एकट्याला बोलू द्या. आपल्या शंकांसाठी वेगळा फोन करा. मात्र ‘मरावंसं वाटतं’ म्हणालं, तर क्षणभरही एकटं न सोडता थेट जवळचं मोठं सरकारी रुग्णालय गाठा.

दर आठवड्याच्या समोरासमोरच्या समुपदेशनाची जागा हा फोन घेत नाही.