लॉ कॉलेजचा माजी विद्यार्थ्यांचा फलक: काम कसं होतं, कुठे फसतं

मराठवाड्यातल्या बहुतेक लॉ कॉलेजांना कधी ना कधी 'आमचे मान्यवर माजी विद्यार्थी' हा फलक करून घ्यावा लागतो. कधी कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असते, कधी अमृतमहोत्सव असतो, आणि हाताशी असतात जेमतेम आठ दिवस. हा फलक बनवून देणाऱ्यांच्या कामाचा हा आढावा आहे. एका दुकानाचं नाव घेण्यात अर्थ नाही. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेट, गुलमंडीकडे करा नाहीतर नांदेड-लातुरात करा, माल तोच असतो आणि चुकाही त्याच होतात.

आधी माल बघू. सगळ्यात स्वस्त काम म्हणजे व्हिनाइल प्रिंट (चिकट प्लास्टिकवरची छपाई) सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीवर, चिकटवून वर लॅमिनेशन. दोन दिवसांत हातात मिळतं, पण पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे गेला की ३ मिमीचा सनबोर्ड मध्यभागी फुगतो, कडांचं व्हिनाइल सुटतं आणि लाल रंग सगळ्यात आधी उडतो. कार्यक्रमापुरता घ्यायचा असेल तर चालेल. भिंतीवर कायमचा म्हणून घेऊ नये.

अॅक्रिलिकच्या पारदर्शक पत्र्यावर मागून उलटी यूव्ही प्रिंट (अतिनील प्रकाशात लगेच वाळणारी छपाई) हे आजचं सगळ्यात समाधानकारक काम. अक्षरं पत्र्याच्या आड राहतात, त्यामुळे फडक्याने पुसली तरी झिजत नाहीत. जाडी ५ मिमीच सांगा. ६ बाय ४ फुटांचा ५ मिमी पत्रा साधारण १३ किलोचा होतो, म्हणजे दुहेरी टेपवर लावण्यासारखा नाही. चार कोपऱ्यांत आणि लांब बाजूंच्या मध्यावर मिळून सहा स्टीलचे स्टड (पत्रा भिंतीला धरून ठेवणाऱ्या खुंट्या) हवेत. फिटिंगवाले नेमके इथे घाई करतात. अॅक्रिलिक उष्णतेने चांगलंच वाढतं. थंडीतल्या सकाळपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत सहा फुटांचा पत्रा ३ ते ४ मिमी लांबतो. भोक स्टडच्या बरोबर मापाचं पाडलं तर पत्र्याला सरकायला जागा उरत नाही आणि कोपऱ्यातून तडा जातो. भोक स्टडपेक्षा ३ मिमी मोठं ठेवायचं, काठापासून किमान एक इंच आत घ्यायचं आणि स्टड करकचून आवळायचा नाही. हे ऑर्डरवर लिहूनच द्या.

पितळी पत्र्यावर अॅसिडने कोरून रंग भरलेला फलक सगळ्यात भारदस्त दिसतो. पण वर लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, मारलेलं नसेल तर एका पावसाळ्यात काळवंडतो. मग शिपाई ब्रासोने (पितळेच्या पॉलिशने) घासतो आणि पितळेबरोबर अक्षरांतला रंगही निघून जातो.

आमच्या मते लॉ कॉलेजसाठी सगळ्यात शहाणा पर्याय जुनाच आहे. सागवानी चौकट आणि तिच्यात सरकवून बसणाऱ्या वेगवेगळ्या पट्ट्या. नवं नाव आलं की एक पट्टी करायची, चूक निघाली तर तेवढीच बदलायची. पेंटर सोनेरी रंग लावणार असेल तर त्यावर वॉर्निशचा हात मागा, नाहीतर सोनेरी पावडर पुढे काळी पडते.

आता देवनागरीचं दुखणं. लेझरने कापलेली उठावाची अक्षरं शिरोरेषेमुळे एकसंध निघतात, पण अनुस्वार हा सुटा तुकडा असतो. तो एका थेंबावर चिकटवलेला असतो आणि वर्षभरात गळतो. मग 'शिंदे' वाचताना 'शिदे' होतं. ज्याचं नाव आहे त्याच्या घरच्यांना ते किती लागतं हे बनवणाऱ्याला कळत नाही. उठावाची अक्षरं शीर्षकापुरतीच ठेवा, नावं छापूनच घ्या. दुसरं, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटतात. 'कुऱ्हाडे'तला अर्धा र तुटतो, 'अॅड.'च्या जागी चौकोन येतो. श्री-लिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की भलतंच दिसतं. म्हणून मजकूर पक्का झाल्यावर फाइल कर्व्ह करून घ्यायची (म्हणजे अक्षरांचे आकार पक्के होतात, फॉन्ट लागत नाही) आणि प्रूफ मोबाइलवर न पाहता कागदावर काढून वाचायचं.

किती नावं बसतात? एक इंच उंचीचं अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. वेलांट्या-उकारांमुळे दोन ओळींत दोन इंचांचं अंतर लागतं. चार फूट उंचीत शीर्षकाचे दहा इंच आणि खालचे चार सोडले की १७ ओळी उरतात, दोन रकान्यांत ३४ नावं. दुकानदार 'साठ बसवून देतो' म्हणाला तर अक्षर बारीक होणार हे समजून चाला. त्यात पदनामं लांब. 'दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी' एका ओळीत मावत नाही, मग डिझायनर आपल्या मनाने त्याची काटछाट करतो. संक्षेप कॉलेजनेच ठरवून द्यावा.

एवढं सगळं जमलं तरी खरी पडझड मजकुरात होते, आणि तिथे कुठलंच दुकान मदत करत नाही. तुम्ही द्याल ते छापून मिळतं. मराठवाड्यात हे काम इतर भागांपेक्षा नाजूक आहे, कारण इथल्या पदव्यांच्या मागे तीन-चार विद्यापीठं आहेत. निजामाच्या राजवटीत आणि नंतरही काही वर्षं इथली मुलं वकिलीसाठी हैदराबादला जात. शंकरराव चव्हाणांची कायद्याची पदवी तिथल्या उस्मानिया विद्यापीठाची. शिवराज पाटील चाकूरकरांचं नावही अनेकजण उस्मानियाच्या कायदेपंडितांत घालतात, पण तिथे ते विज्ञान शिकले, कायदा मुंबई विद्यापीठात. विलासराव देशमुख लातूरचे, पण कायदा पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात. गाव आपलं म्हणून माणूस आपल्या कॉलेजचा होत नाही.

मानद पदवीचाही असाच घोळ. उस्मानियाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९५३ मध्ये डी.लिट. दिली, ती मानद होती. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते १९३५ मध्ये प्राचार्य झाले, विद्यार्थी म्हणून नव्हे. टिळक मात्र त्याच कॉलेजचे विद्यार्थी, एलएलबी १८७९. अशा नावांसाठी 'आमचे प्राचार्य', 'आमचे माननीय' असा वेगळा रकाना करा. त्याने नावाचा मान कमी होत नाही आणि फलकही खरा राहतो.

विद्यापीठाचं नाव त्या वर्षीचं लिहा. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं आणि त्याचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. त्यामुळे १९८५ च्या पदवीवर 'मराठवाडा विद्यापीठ' एवढंच असतं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चं. नांदेड-लातूर-परभणीच्या त्याआधीच्या पदव्या मराठवाडा विद्यापीठाच्या, आणि विद्यापीठ बदललं त्या अधल्यामधल्या तुकड्यांचं पदवी प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहू नये.

पदवीचं वर्ष सनदेवरून, म्हणजे वकिलीच्या परवान्यावरून, घेऊ नका. सनद क्रमांकाच्या शेवटी असतं ते बार कौन्सिलकडे नोंदणी झाल्याचं वर्ष. पदवी घेऊन कुणी चार वर्षांनी सनद काढतो. 'ज्येष्ठ वकील' हाही सरसकट लावायचा शब्द नाही. अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम १६ प्रमाणे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय तो दर्जा देतं. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली म्हणून तो आपोआप मिळत नाही. जिल्हा न्यायालयात न्यायाधीश, उच्च न्यायालयात न्यायमूर्ती, हा फरकही पाळा. वाचणारे सगळे कायद्याचेच लोक असतात, पहिली नजर तिथेच जाते.

'विद्यमान', 'माजी', 'कै.' हे तीन शब्द फलकावरून काढून टाका. 'लोकसभा अध्यक्ष, १९९१–९६' असं पद आणि काळ लिहिला की ओळ कधी शिळी होत नाही. क्रम पदवीच्या वर्षाने लावा. पदाच्या मोठेपणाने लावायला गेलं की मंत्री आधी की न्यायमूर्ती, यावरच बैठक संपते.

भाव चौरस फुटावर सांगतात, पण त्यात डिझाइन, स्टड, फिटिंग आणि वाहतूक धरली आहे का ते आधीच विचारा. शेवटचं बिल देण्याआधी दोन फाइली मागून घ्या, एक कर्व्ह केलेली आणि एक मजकूर बदलता येईल अशी. दुसरी फाइल द्यायला बरेचजण टाळतात, आणि ती नसेल तर पुढच्या वर्षी एका नावासाठी सगळा फलक नव्याने टाइप करावा लागतो.