आईच्या साखरेसाठी: बोट टोचायचं की दंडावर सेन्सर?

आई औसा तालुक्यात, मी पुण्यात. इन्सुलिन सुरू झालं आणि काळजी वाढली.

आधी ग्लुकोमीटर होता. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, पट्टी, काही सेकंदांत आकडा. पट्टी वीसेक रुपयांना पडते. लाइट नसो, रेंज नसो, काम अडत नाही. पण तो आकडा त्या एका क्षणाचा. रात्री दोनला साखर किती उतरली होती, हे सकाळच्या थेंबातून कळत नाही.

मग दंडावर सेन्सर लावला. तो 14 दिवस चालतो, त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो आणि मोबाइलवर रेघ काढतो. रेंज असली की ती मला इथे दिसते. येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात भज्जी, आंबील आणि वर गोड खीर झाली. रेघ कशी चढली हे आईनं स्वतः पाहिलं. आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो, पण तिला पटलं ते त्या रेघेमुळे! शिवाय झोपेत साखर घसरली तर मोबाइल वाजतो. माझ्या मते सेन्सरचं खरं मोल इथे आहे.

मात्र रक्तापेक्षा तो काही मिनिटं मागे असतो. घाम फुटला, हातपाय थरथरले आणि आकडा बरा दिसला, तर बोट टोचूनच खात्री करावी.

एक सेन्सर काही हजारांचा. सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घराला दर पंधरवड्याला तो झेपत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून आम्ही इन्सुलिनचा डोस बदलला की सेन्सर लावतो, एरवी पट्टी. नुसत्या गोळ्यांवर साखर स्थिर असणाऱ्यांना बहुधा ग्लुकोमीटर पुरतो.