क्यू७ की एक्स५? आकडा तोच, वाटप वेगळं

शोरूममध्ये सेल्समन बोनेटवर हात ठेवून सांगतो, "सर, चाळीस-साठ." म्हणजे टॉर्कचे (चाक फिरवणाऱ्या जोराचे) ४० टक्के पुढच्या चाकांना आणि ६० टक्के मागच्या. गंमत अशी, की ऑडी क्यू७ बघायला गेलात तरी हेच ऐकाल आणि बीएमडब्ल्यू एक्स५ बघायला गेलात तरी हेच. म्हणून आकड्यावर निवड करू नका. वाटप करतंय कोण, ते विचारा.

क्यू७ मध्ये ते काम गिअरच करतात. क्वाट्रो हे ऑडीच्या चारही चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेचं नाव. १९८० च्या पहिल्या क्वाट्रोत मधलं डिफरन्शियल, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणारी आणि चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी, ड्रायव्हरला स्वतः लॉक करावी लागे. क्यू७ मध्ये ते आपोआप आवळतं. पुढची चाकं घसरायला लागली की तिरक्या दातांचे गिअर बाजूच्या चकत्यांवर दाबले जातात, घर्षण वाढतं आणि जोर मागे वळतो, कमाल ८५ टक्क्यांपर्यंत. उलट झालं तर पुढे ७० पर्यंत. यात सेन्सरची वाट बघणं नाही. भर पावसात एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यातून जाताना ड्रायव्हरला काही जाणवतही नाही, आणि माझ्या मते हेच तिचं खरं कौतुक. पण एक मेख आहे. घसरणाऱ्या चाकांकडे जी थोडीफार पकड उरली असेल, तिच्या काही पटच जोर दुसरीकडे जातो. चाक हवेत लटकलं तर पट कशाची करणार?

एक्स५ मध्ये मधलं डिफरन्शियलच नाही. गिअरबॉक्सची ताकद सरळ मागे जाते. पुढच्या शाफ्टला तिचा वाटा मिळतो तो अनेक प्लेट्सच्या क्लचमधून. हा क्लच छोटी इलेक्ट्रिक मोटर आवळते, आणि किती आवळायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. स्टिअरिंग किती वळलंय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे त्याला कळत असतं, त्यामुळे चाक घसरण्याआधीच तो तयारी करू शकतो. वळणात क्लच सैल सोडला की मागची चाकं गाडी ढकलतात आणि नाक आत वळतं. क्यू७ चं इंजिन बरंचसं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे असल्यामुळे घाटात तिचं नाक जरा बाहेरच ओढ घेतं. स्वतः चालवण्याची हौस असेल तर एक्स५ घ्या. मागे आई-बाबा, मुलं बसणार आणि पावसाळाभर हायवेच असेल, तर मी क्यू७ कडे झुकेन.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समोरून एसटी आली, तुम्ही गाडी खाली उतरवली. उजवी चाकं डांबरावर, डावी लाल चिखलात. इथे पुढे-मागे वाटून फारसं काही साधत नाही. एका ॲक्सलवरच्या दोन्ही चाकांना साधं डिफरन्शियल सारखाच जोर देतं, म्हणजे चिखलातल्या चाकाला लागेल तेवढाच. अशा वेळी दोन्ही गाड्यांत आपोआप लागणारा ब्रेकच कामाला येतो: गरगरणारं चाक तो धरून ठेवतो, म्हणजे डांबरावरच्या चाकाला जोर मिळतो. खालून करकर आवाज येतो. तो ऐकून बरेच जण घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढतात आणि तिथेच रुततात. पाय हलका पण स्थिर ठेवा.

मर्सिडीज जीएलई यादीत असेल तर आधी इंजिन विचारा. चार सिलिंडरच्या गाडीत वाटणी ५०-५० ठरलेली, बाकी ब्रेक सांभाळतो. सहा सिलिंडरमध्ये एक्स५ सारखा क्लच. मागचा फोरमॅटिकचा (मर्सिडीजचं चारही चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेचं नाव) बिल्ला मात्र दोन्हींवर एकच! ऑडीचंही तसंच आहे. क्यू३ वर क्वाट्रो लिहिलेलं असलं तरी तिचं इंजिन आडवं, मूळ गाडी पुढच्या चाकांची, आणि मागच्या चाकांकडे जोर क्लचमार्फतच जातो.

सेकंड हँड घेत असाल तर टायरपासून सुरुवात करा. एका मित्राने (गाडीचं नाव राहू दे) चारांपैकी दोनच टायर बदलले. नव्या-जुन्याचा घेर वेगळा, त्यामुळे सरळ रस्त्यावरही मधल्या क्लचला वाटायचं की चाकं घसरताहेत. सोसायटीच्या पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना गाडी हिसके देऊ लागली. चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का, झीज सारखी आहे का, हे वाकून बघा. नंतर पार्किंगमध्येच स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन सावकाश फेऱ्या मारा, रेडिओ बंद ठेवून.