वेळेनुसार बँडविड्थ: पीएफसेन्स फायरवॉलमधील लिमिटर

कार्यालयातील इंटरनेट दिवसा रखडते तेव्हा लाइन अपुरी आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोन-तीन संगणकांवरील मोठ्या डाउनलोडने ती अडवलेली असते. आमच्या चाळीस जणांच्या कार्यालयात १०० एमबीपीएसच्या लाइनवर हेच घडत होते, म्हणून आम्ही फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीवर आधारलेली पीएफसेन्स ही फायरवॉल (कार्यालयाचे नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधील रहदारी तपासणारी व्यवस्था) बसवली. तिच्या कम्युनिटी आवृत्तीला परवाना शुल्क नाही आणि दोन नेटवर्क कार्डे असलेला साधा संगणक तिला पुरतो.

वेग बांधण्याचे काम ‘लिमिटर’ करतो. अपलोड आणि डाउनलोड यांसाठी दोन वेगळे लिमिटर करावे लागतात; पहिल्याला पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्याचा आणि दुसऱ्याला घेणाऱ्याच्या पत्त्याचा मास्क (पत्त्यानुसार रहदारी वेगळी करणारे सेटिंग) लावला, की प्रत्येक संगणकाला स्वतंत्र मर्यादा मिळते. मास्क राहून गेला तर तेवढाच वेग सगळ्यांत वाटला जातो, आणि मग दोष विनाकारण फायरवॉलला लागतो. आम्ही डाउनलोडसाठी कामाच्या वेळेत दरडोई ४, जेवणाच्या सुट्टीत ८ आणि सायंकाळी साडेसहानंतर २० एमबीपीएस ठेवले.

वेळापत्रक कुठे जोडायचे, हा मला या व्यवस्थेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. ते फायरवॉलच्या रूलला, म्हणजे कोणती रहदारी कोणत्या लिमिटरमधून जाऊ द्यायची हे ठरवणाऱ्या नियमाला, जोडता येते. पण वेळ संपताच त्या रूलने परवानगी दिलेली चालू कनेक्शने मूळ सेटिंगनुसार तोडली जातात, आणि एखाद्याची अर्धी चढलेली फाइल वाया जाऊ शकते. तेच वेळापत्रक लिमिटरमधील बँडविड्थच्या (वेगमर्यादेच्या) ओळीला जोडले, तर रूल तसाच राहतो आणि केवळ वेग बदलतो. ही पद्धत मला निःसंशय सरस वाटते. मात्र अशा वेळी बँडविड्थ फक्त वेळापत्रकात दिलेल्या काळापुरतीच ठरलेली असते, त्यामुळे चोवीस तासांतला एकही भाग मोकळा सोडता येत नाही. वेळा पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत आणि दिवसाअखेर २३:५९ अशा निवडायच्या असल्याने रात्रीची वेळ मध्यरात्रीच्या आधी आणि नंतर अशा दोन तुकड्यांत भरावी लागते.

या रचनेची मर्यादाही स्पष्ट आहे. रूल पत्ता आणि पोर्ट (सेवेचा क्रमांक) पाहतो. सुरक्षित वेबसाठीच्या ४४३ पोर्टवरून येणारी महत्त्वाची ऑनलाइन बैठक आणि मनोरंजनाचा व्हिडिओ त्याला सारखेच दिसतात. म्हणून बैठकीच्या खोलीतील संगणकांना कायमचे पत्ते देऊन त्यांचा लिमिटर नसलेला रूल सर्वसाधारण रूलच्या वर ठेवावा. मी तो आधी खाली ठेवला होता. रूल वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला जुळेल तोच लागू होतो, हे ध्यानात येईपर्यंत दोन बैठका अडखळत पार पडल्या.

बसवताना टाइम झोन आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) आधी तपासावे. घड्याळ तासभर पुढे असेल तर सायंकाळचा सैल वेग साडेपाचलाच सुरू होतो.