सोलापूरच्या उन्हात स्लिपर ऑर्किड: नक्षीच्या पानाचं घ्यायचं का साध्या हिरव्या पानाचं?

पहिल्यांदाच स्लिपर ऑर्किड घ्यायचंय आणि नुसतं फुलांचे फोटो बघून ठरवताय तर जरा थांबा राव, फुलं दोन्हीची भारीच असतात, खरा फरक पडतो तो आपल्या एप्रिल-मेमधे. ४२ डिग्री ऊन, हवा कोरडी ठाक, आणि या झाडाला बऱ्याच ऑर्किडसारखा पाणी साठवायचा फुगीर कंद नसतोच, म्हणजे मुळं पूर्ण वाळली की झाड बसलं आणि सतत चिंब राहिली की सडलं.

दुकानात मिळतात ती बहुतेक पॅफिओपेडिलम, सगळे नुसतं पॅफ म्हणतात. पानावर गडद-फिकट हिरवी नक्षी असेल तर ढोबळमानानं ते उबेतलं झाड, मॉडिए नावाचा जुना संकर आणि त्याची सगळी पिल्लावळ यातच येते. १९०० सालापासूनचा संकर आहे तो, आणि अजून नवशिक्यांना तोच सुचवतात यातच काय ते समजा. साध्या हिरव्या पट्टीसारखी पानं, म्हणजे इन्सिग्ने आणि त्याचे नातेवाईक, ही थंडीतली मंडळी. इन्सिग्ने मुळात मेघालयातलं, कळी धरायला त्याला रात्री १०-१३ डिग्रीपर्यंत गारवा लागतो आणि तोही चांगला काही आठवडे. आपल्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री स्वेटर घालावा लागतो खरा पण तेवढ्यानं त्याचं भागत नाही. माझ्याकडं एक इन्सिग्ने तीन वर्षं होतं, पानं लै झकास, फूल एकदाही नाही. शेवटी बेंगळुरूच्या मावशीला देऊन टाकलं.

मॉडिए टाइपला रात्री १७-१८ असलं तरी चालतं, थंडीची अट नाही, दिवसा ३०-३२ आरामात सोसतं. त्यावर गेलं की खोली बदलायची. मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, पूर्वेची गॅलरी आहे, फेब्रुवारीपर्यंत कुंड्या तिथं आणि मार्चपासून आत, कूलर असतो त्याच खोलीत पण झोताच्या समोर नाही, बाजूला. कूलरमुळं हवेत दमटपणा राहतो आणि खोली जरा उतरते, झाडाला तेवढंच हवं असतं. एसी असेल तर खोली गार होते पण हवा अजून कोरडी होते, मग खाली खडे आणि पाण्याचा ट्रे ठेवा, कुंडी मात्र खड्यांवर, पाण्यात नाही.

नियमाला अपवाद आहेत हेही सांगतो. व्हेनुस्टमचं पान नक्षीचं असतं पण झाड पूर्व हिमालयाच्या बाजूचं, त्याला गारवा आवडतो. उलट बोर्निओतलं रॉथचाइल्डियानम हिरव्या पानाचं आणि उबेतलं, पण ते बियाच्या रोपापासून फुलायला कित्येक वर्षं घेतं, तेव्हा पहिलं झाड म्हणून नकोच. दक्षिण अमेरिकेतलं फ्रॅग्मिपेडियम तर सोडूनच द्या, त्याला पाणी भरपूर आणि तेही स्वच्छ लागतं, आपल्या बोअरच्या पाण्यावर पानांची टोकं जळतात.

पाण्याचं नक्षीच्या आणि हिरव्या पानाच्या दोन्ही पॅफना सारखंच. बोअरचं नको. नळाचं चार-पाच दिवसांनी येणारं पाणी तर आपल्यालाच पुरत नाही, त्यामुळं मी पावसाळ्यात पत्र्याच्या वळचणीखाली दोन ड्रम भरतो आणि संपले की आरओचं. आठवड्यातनं दोनदा, उन्हाळ्यात तीनदा, सकाळीच, आणि पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साठू द्यायचं नाही. कुंडीत झाडाची साल, नारळाच्या शेंडीचे तुकडे, थोडा कोळसा. साल कुजून भुगा होते म्हणून वर्ष-दीड वर्षानं बदलायची, मातीत तर लावूच नका.

किंमत बघून दचकाल. टिश्यू कल्चरनं एका झाडाची हजारो रोपं करणं फॅलेनॉप्सिसमधे, म्हणजे दुकानात सगळीकडं दिसतं त्या ऑर्किडमधे, सोपं आहे, पॅफमधे ते नीट जमत नाही, बहुतेक रोपं बियांपासूनच. त्यामुळं महाग, आणि एकाच नावाची दोन रोपं वेगवेगळी फुलतात. जमलं तर फुललेलं झाडच घ्या. लेडीज स्लिपर, म्हणजे हीच पॅफ, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे, तेव्हा जंगलातनं उपटलेलं स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडं फिरकू नका, नर्सरीला परवाना आहे का विचारा आणि बिल घ्या.

आता फोटो. फूल महिना-दीड महिना टिकतं त्यामुळं घाई नाही. फोन का कॅमेरा? घरी बघायला आणि ग्रुपवर टाकायला फोन पुरतो, फक्त अगदी जवळ जाऊ नका, दोन हात लांब राहून २एक्स किंवा ३एक्स झूम करा, नाहीतर फुलाची पुढची चपलेसारखी पिशवी मोठ्या नाकासारखी दिसते. फूल खोल असतं, फोनच्या छोट्या सेन्सरमुळं बरंचसं एकदम स्पष्ट येतं. कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर बारीक लव, पाकळीवरचे मस दिसतात पण मग लेन्सचं छिद्र बारीक (एफ ११-१६), ट्रायपॉड, टायमर आणि पंखा बंद, मे महिन्यात पंखा बंद करून बघा म्हणजे कळेल. मी तरी आधी फोनच म्हणेन. उजेड सकाळचा खिडकीतला, ट्यूबलाइट बंद, पिशवीखाली पांढरा कागद. काळपट मरून फूल असेल तर एक्सपोजर थोडं कमी करा, नाहीतर ते गुलाबी येतं. मागं सोलापुरी चादर लावायचा मोह मलाही झाला होता, फूल कुठं आणि मोर कुठं काही कळेना, साधं काळं ब्लाउजपीस बरं.

आणि कळी उमलत असताना फोटोसाठी कुंडी फिरवू नका, फूल उजेडाकडं मान वळवतं आणि वाकडंच राहतं.

ऑर्डर एप्रिल-मेत देऊ नका, माझं एक पार्सल दोन दिवस कुठल्यातरी गोडाऊनमधे पडलं होतं आणि उघडलं तर पानं उकडलेल्या पालकासारखी. मृगाचा पाऊस पडून गेला की मागवा, तोपर्यंत ड्रम बघून ठेवा.