नऊ बास्केट, सात डावी वळणं

मी डावखुरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. बागेतल्या डिस्क गोल्फ कोर्सबद्दलची पुढची निम्मी तक्रार त्यातूनच आलेली आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती लागू होणार नाही.

डिस्क गोल्फ म्हणजे तबकडी (डिस्क) फेकत फेकत खांबावरच्या टोपलीत (बास्केट) टाकायचा खेळ. बागेतल्या या नऊ होलच्या कोर्सवर गेल्या चार महिन्यांत मी एकवीस फेऱ्या खेळलो. पहिली ४३ थ्रोची, सगळ्यात चांगली ३० ची. पार, म्हणजे अपेक्षित थ्रो, २७ आहे, प्रत्येक होलला तीन. मी अजून पारपर्यंत पोचलेलो नाही, तरी मत द्यायला तेवढ्या फेऱ्या पुरेत. माझा धंदा जमीनमोजणीचा. पाटीवर अंतर लिहिलेलं दिसलं की मला ते तपासल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे इथले नऊही होल मी टेप लावून मोजलेत.

तिसऱ्या होलची पाटी म्हणते ७४ मीटर. टेप म्हणतो ६३. पाटी मुळात खोटी नव्हती, बास्केट पुढे आणलेली आहे. जुन्या जागी सिमेंटचा गोळा आणि त्यात रुतवलेली रिकामी नळी गवतात अजून दिसते. बास्केट अधूनमधून हलवावी हे बरोबरच आहे, एकाच जागचं गवत तुडवून तुडवून माती उघडी पडत नाही. पण सोबत पाटी बदलायला कोणी हात धरले होते? नवा माणूस ७४ चा अंदाज बांधून फेकतो आणि डिस्क थेट मागच्या झुडपात. मी स्वतः दोनदा तिथे वाकून शोधाशोध केली आहे. आठव्याच्या पाटीवरचा बाण तर सरळ सातव्याच्या टीकडे, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेकडे, दाखवतो. बाकीच्या पाट्या ठीक.

ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. गोल्फच, पण चेंडूच्या जागी तबकडी आणि जमिनीतल्या खळग्याच्या जागी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, तिच्यावर गोलाकार लोंबणाऱ्या साखळ्या. टीवरून फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत जाईपर्यंत. ही तबकडी म्हणजे खेळण्यातली फ्रिसबी नव्हे. व्यास २१ सेंटिमीटरच्या आसपास, वजन साधारण १७५ ग्रॅम, आणि कडा अशी की पोटरीवर बसली तर दोन दिवस आठवण राहते.

साखळ्यांच्या टोपलीची कल्पना एड हेड्रिक यांची. त्यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये कोर्स आखला तेव्हा नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की होल संपला. लागली की नुसती घासून गेली, यावर वाद घालायला रान मोकळं. साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट १९७७ चं. साखळ्या डिस्क अडवत नाहीत, तिचा वेग खातात. जोरात आलेली डिस्क साखळ्यांना झोका देते, त्यात तिचा जीव जातो आणि ती खाली टोपलीत पडते. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे इथली पाचवी बास्केट. टीकडच्या बाजूच्या दोन साखळ्या तुटलेल्या आहेत, तिसरी वरच्या कड्याला गुंडाळून ठेवली आहे. म्हणजे अगदी समोरून, अगदी मधोमध आलेला पट (टोपलीत टाकायची जवळची फेक) खांबावर ठण्णकन आपटून परत पायाशी. चांगल्या फेकीला शिक्षा, वाकड्या फेकीला बक्षीस. चार महिन्यांपूर्वीही ती अशीच होती.

आता सामानाविषयी. मी सुरुवातीला तीन डिस्क घेतल्या: जवळच्या फेकीसाठी पटर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज आणि लांब फेकीसाठी ड्रायव्हर. ड्रायव्हर मोठ्या हौसेनं. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचा कल. माझ्या ड्रायव्हरचा पहिला आकडा १२. मला वाटलं १२ म्हणजे लांब जाणार. तसं नाही. १२ म्हणजे तुमच्या हातात तेवढा वेग असेल तरच ती छापल्याप्रमाणे उडेल. हात कमी पडला तर ती मधले सगळे टप्पे गाळून थेट शेवटच्या कलावर येते, मंदावलेल्या भोवऱ्यासारखी कलंडते आणि बाजूला उतरते. माझा ड्रायव्हर जातो ६० मीटर. मिडरेंज? तीही ६०, फक्त ती मी सांगितलेल्या दिशेनं जाते. इथला सगळ्यात लांब होल ८८ मीटरचा आणि सगळ्यात आखूड ४४ चा. ड्रायव्हरसकट खेळलेल्या पहिल्या तीन फेऱ्या ४३, ४१, ४२. चौथ्या फेरीला ड्रायव्हर घरी ठेवला: ३६. इथे येणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, एक पटर आणि एक मिडरेंज खिशात घाला आणि या. दहा डिस्कची पाठपिशवी घेऊन फिरणारे इथे दिसतात. त्यातले काही माझ्यापेक्षा चांगले खेळतात, पण पिशवीमुळे नव्हे.

नऊपैकी सात होल डावीकडे वळतात. उजव्या हाताच्या माणसाचा साधा बॅकहँड शेवटी आपसूक डावीकडे झुकतो, म्हणजे त्याला काही करावंच लागत नाही, कोर्स त्याच्या हाताच्या मापाचा शिवलेला आहे. माझा बॅकहँड झुकतो उजवीकडे, झाडीत. त्यामुळे मला फोरहँड शिकावा लागला. पाण्यावर चपटा दगड टप्पे घेत जावा म्हणून आपण कमरेच्या उंचीवरून फेकतो, साधारण तसा हात. मनगटाचा झटका हवा, खांद्याचा जोर नको. महिनाभर डिस्क हवेत लटपटत गेल्या. आता पंचेचाळीस मीटरपर्यंत भरवसा आहे. आखणी करणाऱ्यानं दोन-तीन होलच्या टी आणि बास्केटची अदलाबदल केली असती तरी वळणं उलटी झाली असती, फावडंही लागलं नसतं. भाचा म्हणतो, ‘‘मामा, त्या निमित्तानं तू फोरहँड शिकलास ना?’’ तो उजव्या हाताचा आहे.

सातवा मात्र मला उलटा करून नको. तो सरळ आहे आणि या कोर्सवरचा एकमेव होल, ज्याच्यासाठी मी दुसऱ्या बागेतूनही चालत येईन. टीपासून तीस मीटरवर दोन जुनी झाडं, बुंध्यांमधलं अंतर ४.२ मीटर. टीवरून बघितलं तर दार उघडं आहे असं वाटतं. डिस्क हातात घेतली की ते दार किलकिलं होतं. पलीकडे दीड मीटर उंचीचा मातीचा उंचवटा, त्याच्या माथ्यावर बास्केट, आणि मागे एकसारखा उतार, गवत अगदी बारीक कापलेलं.

खरी गंमत तो उतार करतो. भाच्याचा पहिला थ्रो दोन झाडांमधून सुंदर गेला, उंचवट्याच्या पायथ्याशी थांबला. सहा मीटरचा पट राहिला. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असलं की डिस्क सोडल्यावर तोल सावरून उभं राहून दाखवावं लागतं, त्याआधी पुढे पाऊल पडता कामा नये. चढावर तोंड करून ते सोपं नाही. त्यानं तोल सांभाळला, पण डिस्क बास्केटच्या वरच्या पट्टीवर आपटली, कडेवर पडली आणि चाकासारखी पलीकडे घरंगळत निघाली. आम्ही दोघं माथ्यावर जाऊन बघेपर्यंत ती चाललेलीच होती. बाकाजवळ एक गोल गिरकी घेऊन आडवी झाली. टेप काढला: २७ मीटर. जिथे फार तर तीन व्हायचे तिथे सहा झाले. मी पोट धरून हसलो आणि माझ्या पाळीला हुबेहूब तेच केलं, फक्त माझी २२ वर थांबली.

आता मी तिथे जोरात पट मारतच नाही. चुकलीच तर बास्केटच्या बुडाशी मरून पडेल इतक्या बेतानं सोडतो. याला भित्रेपणा म्हणा. सातव्यावर माझे गेले सहा स्कोअर तीन, तीन, चार, तीन, तीन, तीन.

चौथ्या होलबद्दल मात्र रागानंच लिहावं लागेल. चालणाऱ्यांची पायवाट त्याच्या वाटेला तिरकी कापते, तीही वळणापलीकडे, म्हणजे पायवाटेनं येणारा माणूस टीवरून दिसतच नाही. भाचा पुढे जाऊन उभा राहतो, हात वर केला की मी फेकतो. एकटा असलो तर चौथा सोडून देतो. चालणाऱ्याचा हक्क पहिला, यात वादच नाही, बाग सगळ्यांची आहे. ती टी पंधरा पावलं डावीकडे सरकवली तर पायवाट पूर्ण दिसते, मी उभं राहून बघितलं आहे.

टीच्या फरशा खडबडीत, पावसानंतरही पाय घसरत नाही. कचरापेट्या पुरेशा. बाकं चार. गर्दी सकाळी आठनंतर. एका फेरीला दोघांना पन्नास मिनिटं.

पाचपैकी पावणेचार देतो. पाचवीच्या साखळ्या लावल्या तर चार.

राहिला नववा. तळ्याच्या काठाकाठानं डावीकडे जाणारा, पाणी सगळं उजव्या हाताला. पाण्यात गेली तर एक थ्रोचा दंड, आणि काठ जिथे ओलांडला तिथून पुढे खेळायचं. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. गेल्या महिन्यात वाटलं, हात सुधारला आहे, एकदा ड्रायव्हर बघू. चाळीस मीटर झकास गेला, मग त्याला उजवीकडचं काहीतरी आठवलं. डिस्कच्या पोटावर नाव आणि फोन नंबर लिहायची इथे पद्धत आहे, तसा मीही लिहिला होता. आठ दिवसांनी एका अनोळखी माणसाचा फोन आला, तळ्यातून काढली आहे, पहिल्या बास्केटमध्ये ठेवतो म्हणाला. मी आभार मानले. त्यानंतर तीन फेऱ्या झाल्या. डिस्क तिथेच आहे, लोक ती बाजूला सरकवून पट मारतात.