धातूच्या आमिषांचा सात नगांचा संच : एका हंगामाच्या वापरानंतर

गळाने मासे धरण्यासाठी घेतलेल्या धातूच्या आमिषांच्या या संचाचा मी एक पूर्ण हंगाम वापर केला आहे. डबीत 7, 14 आणि 21 ग्रॅमचे तीन जाड स्पून (चमच्यासारख्या बाकदार पत्र्याची आमिषे), 10 ग्रॅमचा एक रुंद आणि पातळ स्पून, एक स्पिनर (ओढताना पाते गरगर फिरणारे आमिष) आणि 20 व 40 ग्रॅमच्या दोन मेटल जिग (सरळ खाली बुडणारी ओतीव धातूची आमिषे) होत्या. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण याच घडणीचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि नग हातात घेतल्यावर नेमके काय पाहायचे हे ठाऊक असणे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : यातले पत्र्याचे काम मनापासून केलेले आहे, परंतु त्या पत्र्याला जोडलेले सामान त्याच्या तोडीचे नाही.

स्पून विकत घेताना बहुतेकांचे लक्ष रंगाकडे जाते. मी आधी त्याचा बाक तपासतो. अंगठा पोटाच्या खळगीत ठेवून तर्जनी पाठीवरून फिरवली, की बाक कुठे सुरू होतो, कुठे सर्वांत खोल जातो आणि दोन्ही कडा सारख्या आहेत की नाहीत, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळते. या संचातला 14 ग्रॅमचा स्पून बाजूने पाहिला तर एस अक्षरासारखी हलकी लाट दिसते आणि सर्वांत खोल खळगी शेपटीकडे आहे. ओढताना पाणी या खळगीवरून सरकते, दोन्ही कडांवरून आलटून पालटून छोटे भोवरे सुटतात आणि स्पून डावीउजवीकडे डोलत पुढे येतो. दुखावलेला लहान मासा असाच पोहतो. शिकारी माशाच्या दोन्ही कुशींवरून गेलेली संवेदी रेषा पाण्यातली ही थरथर टिपते, म्हणूनच पाणी गढूळ असले किंवा उजेड कमी झाला असला तरी स्पूनला मासा लागतो. अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल याने 1852 मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले. त्यानंतर मुलामे आणि रंग पुष्कळ आले, तरी आमिषाचा जीव अजूनही त्या बाकातच आहे.

14 ग्रॅमच्या स्पूनचे मला सर्वांत जास्त कौतुक वाटते. रीळ अगदी संथ फिरवले तरी काठीच्या टोकावर त्याचे ठोके सारख्या अंतराने जाणवतात, आणि वेग दुपटीने वाढवला तरी तो डोलणे सोडत नाही. वेगाची मर्यादा ओलांडली की कोणताही स्पून डोलायचा थांबून स्वतःभोवती गरगरू लागतो, दोराला पीळ बसतो आणि पुढच्या फेकीला त्याचा गुंता होतो. त्यामुळे चांगल्या स्विवलशिवाय, म्हणजे दोराला पीळ बसू न देणाऱ्या फिरत्या कडीशिवाय, कोणताही स्पून वापरू नये. 21 ग्रॅमचा स्पून इथेच कमी पडला. त्याचा आराखडा 14 ग्रॅमच्या स्पूनचाच ठेवून केवळ पत्रा जाड केलेला दिसतो. तो लांब जातो, वाऱ्यालाही दाद देत नाही, पण संथ ओढला तर काठीसारखा सरळ येतो. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात किंवा समुद्रकिनाऱ्यावरून लांब फेकायला तो चालेल; साचलेल्या पाण्यात मी तो पुन्हा लावणार नाही.

10 ग्रॅमचा पातळ स्पून मात्र वेगळीच चीज आहे. तो फार लांब जात नाही, कारण रुंद पत्रा हवेत भिरभिरतो. परंतु पाण्यात सोडल्यावर झाडावरून गळालेल्या पानासारखा झोके घेत उतरतो, आणि मासा बहुधा या उतरण्यातच झडप घालतो. यासाठी फेकीनंतर मनात अंक मोजण्याची सवय लावून घ्यावी लागते. आमिष पाण्यावर आपटले की मोजायला सुरुवात करायची आणि दोर सैल पडला की तळ आला असे समजायचे. एका संध्याकाळी तीन फेकींत माझा स्पून नवाच्या अंकाला तळाशी टेकत होता. चौथ्या फेकीत दोर सहालाच सैल पडला. स्पून अधेमधे कुणीतरी उचलून धरला होता. मी ताबडतोब दोर ताणून घेतला आणि काठी वाकली. दोर पूर्ण ढिला सोडला असता तर ही खूण दिसलीच नसती, कारण स्पून खाली जात असताना दोराला ताण बसणार नाही, पण झोलही पडणार नाही, इतपतच तो मोकळा ठेवावा लागतो.

आता उणीव सांगतो. स्पूनच्या छिद्रात अडकवलेल्या स्प्लिट रिंग (गळ जोडायच्या, दुहेरी वेढ्याच्या कड्या) इतक्या मऊ तारेच्या आहेत, की नखाने सहज फाकतात. तिसऱ्याच खेपेला एक मोठा मासा 7 ग्रॅमच्या स्पूनला लागला, दोनदा जोरात धावला, आणि मग काठी अचानक हलकी झाली. स्पून परत आला तेव्हा मागची रिंग उघडलेली होती आणि गळ नव्हता. तोंडात तीन काट्यांचा गळ घेऊन तो मासा गेला, याची हळहळ मला आजही वाटते. मासा निसटतो, त्यात गैर काही नाही. पण सुट्या भागावर केलेल्या काटकसरीमुळे तो जखमी होऊन जाणे मला मान्य नाही. त्याच रात्री मी सगळ्या रिंग काढून पोलादाच्या कडक रिंग बसवल्या आणि तीन काट्यांच्या गळांच्या जागी एकेरी गळ लावले. एकेरी गळ तळाच्या फांद्यांत कमी अडकतो आणि सोडून द्यायच्या माशाला कमी इजा करतो. मात्र तो मूळ गळाच्या वजनाच्या जवळपास असावा, कारण शेपटीकडचे वजन घटले की स्पूनचे डोलणे बदलते. छिद्रांच्या कडाही धारदार राहिल्या आहेत, तेव्हा दोर थेट छिद्रात बांधू नये. गाठ नेहमी रिंगला किंवा स्विवलला मारावी.

मुलाम्याबद्दल तक्रार नाही. चांदीसारखा मुलामा नितळ पाण्यात आणि उन्हात अधिक उपयोगी पडला, तर तांब्याच्या रंगाचा नग गढूळ पाण्यात. लाल पट्ट्यांचा मला फरक जाणवला नाही, आणि त्याचे कारणही आहे : पाण्यात खोल जाताना लाल प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे काही मीटर खाली तो पट्टा काळपट दिसतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक नग गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पूर्ण सुकवूनच डबीत ठेवावा, नाहीतर गळांचा गंज मुलाम्यालाही लागतो.

स्पिनर साधारण आहे. पाते आपणहून फिरायला लागत नाही, सुरुवातीला काठीने एक हिसका द्यावा लागतो.

दोन्ही जिग सरळ खाली उतरतात, आणि 20 ग्रॅमच्या जिगने खोल पाण्यात मला चांगली साथ दिली. पण 40 ग्रॅमची जिग दगडाला घासून तिचा रंग उडाला, तेव्हा आतला करडा धातू नखाने ओरखडला जाईल इतका मऊ निघाला. ते शिसे आहे, आणि वेष्टनावर त्याचा कुठेही उल्लेख नाही. पाणपक्ष्यांच्या पोटात गेलेले शिसे त्यांना मारते. याच कारणासाठी ब्रिटनने 1987 मध्ये गळाला लावायच्या शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी घातली. इतक्या मोठ्या जिगला तो नियम लागू होत नाही, तरी तळाशी अडकून तुटणाऱ्या आमिषात काय ओतले आहे हे घेणाऱ्याला सांगणे बनवणाऱ्याचे कर्तव्य आहे. 14 ग्रॅमच्या आणि पातळ स्पूनसाठी हा संच मी पुन्हा घेईन, रिंग आणि गळ पहिल्याच दिवशी बदलण्याच्या तयारीने. 40 ग्रॅमची जिग मी डबीतून काढून ठेवली आहे.